आश्वेची लाट आणि मैत्रीवरचा हिरवा पट्टा

शुक्रवार

पनवेलहून मांडवी एक्सप्रेस. बाकीचे लोक रात्रीच्या गाडीने झोपत जातात पण आमच्या नवऱ्याचं म्हणणं असं की कोकण रेल्वे दिवसा नाही बघितली तर मग काय बघितलं, आणि खरं कारण विचाराल तर त्या गाडीतलं खाणं. रत्नागिरी येईपर्यंत कटलेट झालं, वडा झाला, परत वडा झाला, खिडकीबाहेर कोण बघतंय.

ओवी (आठवीत आहे, म्हणजे सगळं माहीत असण्याचं वय) अख्खा प्रवास मोबाईलवर ऑरोराचे, म्हणजे ध्रुवांजवळ रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या त्या रंगीत प्रकाशाचे, रील्स बघत होती. मे २०२४ मध्ये ते मोठं सौर वादळ आलं होतं ना, तेव्हा लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल झळाळी दिसली होती, तेव्हापासून हिच्या डोक्यात हे खूळ बसलंय. मला ऑरोरा बघायचाय. नवरा म्हणाला नॉर्वेचं तिकीट बघितलंस का. त्यावर मी म्हटलं की आपल्या फोंड्याच्या आजोबांनी बघितलाय, तोसुद्धा फुकटात, उलट पगार घेऊन. तर या गोव्याच्या ट्रिपचं असं आहे. समुद्र, मासे वगैरे आहेच, पण पोरीला आजोबांकडून ती गोष्ट ऐकायची होती.

आजोबा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. डिझेल मेकॅनिक. नव्वदच्या दशकात अंटार्क्टिकाला गेले होते आणि तिथल्या मैत्री या भारताच्या स्टेशनवर अख्खा हिवाळा काढून आले. आमच्या लहानपणी त्यांच्याकडे पेंग्विनचे फोटो बघायला सगळे जायचे, ऑरोराबद्दल कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

करमळीला उतरलो, टॅक्सीवाल्याशी थोडी घासाघीस, आणि फोंड्यात पोचेपर्यंत मावशीचं हुमण तयार. जेवून लगेच आडवे.

शनिवार

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने जाग. गरम पाव आणि पातळ भाजी, यावर मी वेगळा लेख लिहू शकते पण नको. मंगेशी आणि म्हार्दोळ करून आलो, गर्दी होती, दर्शन छान झालं, एवढंच.

दुपारनंतर बाल्कावावर बसलो सगळे. बाल्काव म्हणजे गोव्याच्या घरापुढचा तो बसायचा ओटा, त्याच्यावर बसलं की माणूस आपोआप बोलायला लागतो. ओवीने आजोबांना विचारलंच.

काका म्हणाले, "अगो, तिथे दोन महिने सूर्य उगवतच नाही. मे संपताना जातो तो जुलै संपताना येतो. जनरेटर बंद पडला तर सगळे गारठून मरणार, म्हणून मला रात्री-अपरात्री बाहेर पडावं लागायचं. उणे तीस वगैरे, वारा असला तर विचारूच नको. एकदा जनरेटर बघून परत येत होतो, वर बघतो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा पट्टा. हालत नाही, डुलत नाही, नुसता आडवा पडलेला. मी म्हटलं ठीक आहे, असं आधी पण दिसलं होतं. दार उघडणार इतक्यात तो पट्टा सुटला. म्हणजे कसं सांगू, एकदम त्याच्या चिरफाळ्या झाल्या, उभ्या उभ्या रेघा, आणि त्या धावायला लागल्या, खालची कड गुलाबी. दोन-चार मिनिटं असेल. मी हातमोजा काढलेला विसरलो होतो, बोटं बधिर झाली तेव्हा कळलं."

ओवीने लगेच शाळेतलं उत्तर ठोकलं, "सूर्याकडून कण येतात आणि हवेवर आदळतात म्हणून लाइट पडतो."

आता इथे रोहन उठून बसला. रोहन माझा मावसभाऊ, गोवा युनिव्हर्सिटीत फिजिक्स एमएससी करतोय, एरवी एक शब्द बोलत नाही पण कुणी अर्धवट फिजिक्स बोललं की थांबत नाही. त्याचं म्हणणं असं की हे उत्तर सगळीकडे छापलेलं असतं, आणि त्यात खरी गंमत गाळलेली असते. सूर्याकडून जो वारा येतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वगैरे, त्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा असते दहाएक इलेक्ट्रॉन व्होल्ट (एका व्होल्टच्या फरकातून गेल्यावर इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट). आणि झगमगीत ऑरोरा पाडणारा इलेक्ट्रॉन हवेत घुसतो तेव्हा त्याच्याकडे असते हजार ते दहा हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. दहावाला इलेक्ट्रॉन, झगमगीत ऑरोरा जिथे पेटतो त्या शंभर किलोमीटर उंचीपर्यंत पोचूच शकत नाही, त्याच्या खूप वरच त्याचा जोर संपतो. तर मग मधे याला कुणी पळवलं?

शिवाय तो वारा सरळ आपल्यावर पडतच नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला बाजूला वळवतं आणि तो वारा त्या क्षेत्राला रात्रीच्या बाजूला लांबच लांब ओढत नेतो, तिला शेपूट म्हणतात. ऑरोराचे बरेचसे इलेक्ट्रॉन त्या शेपटीकडून येतात, म्हणजे मागच्या दाराने. तिथे ते थोडे तापलेले असतात, काहीशे व्होल्ट, क्वचित जास्त, पण भडक ऑरोराला तेवढं पुरत नाही. शेवटचा आणि खरा धक्का त्यांना पृथ्वीच्या जवळ आल्यावर, काही हजार किलोमीटर उंचीवर बसतो.

काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे सूर्याने माल पाठवला आणि पळवलं आपणच."

रोहनला हे वाक्य आवडलं नाही, कारण ऊर्जा शेवटी सूर्याचीच, पण मला तर चपखल वाटलं.

मावशीने चहा आणला आणि रंगांवर गाडी आली. हिरवा रंग ऑक्सिजनचा, ५५७.७ नॅनोमीटर, शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा. लालसुद्धा ऑक्सिजनचाच, ६३० नॅनोमीटर, पण त्या अणूला तो प्रकाश सोडायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात दुसरा अणू येऊन आदळला तर प्रकाश गेला, म्हणून लाल फक्त खूप उंचावर, विरळ हवेत दिसतो. हानलेला लाल का दिसला ते इथे कळलं, एवढ्या लांबून फक्त वरचा भाग क्षितिजावर डोकावणार. आणि काकांची गुलाबी कड म्हणजे नायट्रोजन, इलेक्ट्रॉन चांगले जोरात असले, शंभर किलोमीटरच्याही खाली घुसले, की ती कड येते. म्हणजे त्या रात्री काकांच्या डोक्यावर पडणारे इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी पळवलेले होते.

ओवीने विचारलं गोव्यातून कधी दिसेल का. रोहन म्हणाला गोव्याचं माहीत नाही पण ४ फेब्रुवारी १८७२ ला मुंबईतून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे. मुंबई! मी म्हटलं थापा मारू नकोस. पण आहे खरं तसं. आणि १८५९ च्या प्रसिद्ध सौर वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र १६०० नॅनोटेस्लाच्या आसपास खाली आलेलं नोंदवलंय, आजही जगभरचे लोक त्या नोंदीचा दाखला देतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ती वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेली. अलिबाग आमच्यापासून दोन तासांवर, दरवर्षी किल्ल्यावर जातो, वेधशाळा बाहेरून सुद्धा बघितलेली नाही.

रविवार

काकांची इच्छा म्हणून वास्को. हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, आता मैत्री आणि भारती दोन्ही स्टेशनं इथून चालवली जातात. रविवार, त्यामुळे फाटकातूनच बघितलं, काकांनी तरी पाच मिनिटं उभं राहून सगळं डोळे भरून पाहिलं. त्यांच्या वेळी हे केंद्र नव्हतं, ते १९९८ मधलं. पण बोट गोव्यातूनच सुटायची. आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम पण इथूनच, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, ६ डिसेंबर १९८१ ला निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला तिकडे पोचली. महिनाभर बोट. नवऱ्याला पणजी ते बेती फेरीबोटीत पण कसंतरी होतं.

तिथून जॅपनीज गार्डनला गेलो, खाली मुरगाव बंदर दिसतं, जहाजं उभी. बाकावर बसून पाणीपुरी, नाही, भेळ, आणि रोहनचा पुढचा भाग.

इलेक्ट्रॉन पळवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि यावर लोक पन्नास-साठ वर्षं भांडतायत. पहिली पद्धत सोपी. चुंबकीय रेषेच्या (म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या कल्पित रेषेच्या) दिशेने, वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला काही हजार व्होल्टचा फरक तयार होतो. इलेक्ट्रॉन त्यातून खाली खेचला जातो, जेवढे व्होल्ट तेवढी ऊर्जा. असं असेल तर सगळ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण सारखीच यायला हवी, आणि कार्ल मॅकइल्वेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने रॉकेट भडक ऑरोरात सोडून केलेली मोजणी १९६० मध्ये छापून आली तेव्हा नेमकं तसंच सापडलं होतं, बहुतेक सगळे एकाच ऊर्जेचे. नंतर उपग्रह ऑरोराच्या पट्ट्यावरून जायला लागले तर त्यांच्या आलेखात ऊर्जा हळूहळू चढते आणि उतरते, उलटा इंग्रजी व्ही, नावही तेच पडलं. काकांचा तो न हलणारा आडवा पट्टा बहुतेक या प्रकारातला.

पण मग सुटला तो काय? त्या बारीक रेघा, ती धावपळ? तिथे उपग्रहांना वेगळंच दिसतं. इलेक्ट्रॉन एका ऊर्जेचे नाहीत, कमी-जास्त सगळ्या ऊर्जेची सरमिसळ, आणि त्याच जागी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र जोरात थरथरतंय. म्हणजे लाटा. या लाटांचं नाव आल्फवेन लाटा, स्वीडनच्या हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये कागदावर मांडल्या, बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, १९७० ला नोबेल मिळालं.

लाट कसली तर असं बघा. अवकाशातला वायू म्हणजे प्लाझ्मा, सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन. तो चुंबकीय रेषांना चिकटून असतो, रेषा हलली की तो हलतो, तो हलला की रेषा हलते. रेषेत ताण असतो. कुठेतरी ती बाजूला ओढली गेली की ताण तिला परत आणतो, प्लाझ्माच्या वजनामुळे ती पलीकडे जाते, परत येते, आणि हे हेलकावे रेषेवरून पुढे पुढे सरकतात. झाली लाट.

आणि रेषा ओढतं कोण, तर ती मागची शेपूट. सौर वारा तिला ताणत राहतो, ताणत राहतो, एका क्षणी समोरासमोरच्या रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि पृथ्वीकडची बाजू झटक्यात परत येते. नासाने २००७ मध्ये थेमिस नावाचे पाच उपग्रह याच्यासाठी पाठवले, कारण आधी काय घडतं यावरच वाद होता. २६ फेब्रुवारी २००८ ला ते नेमके रांगेत असताना सापडलं, आपल्यापासून सव्वा लाख किलोमीटरच्या थोडं पलीकडे रेषा जोडल्या गेल्या आणि साधारण दीड मिनिटात इकडे ऑरोरा भडकला. सव्वा लाख किलोमीटर म्हणजे चंद्राच्या वाटेवर एक तृतीयांश. काका दार उघडणार होते त्याच्या दीडेक मिनिट आधी तिकडे हे झालेलं असणार.

भेळ संपली होती. नवरा जहाजं मोजत होता.

सोमवार

आश्वे. पहाटे निघालो, म्हापसा करून पोचायला वेळ लागतो. हा उत्तरेकडचा किनारा बागा-कळंगुटपेक्षा शांत आहे असं लोक सांगतात, आता तेवढा राहिलेला नाही, पण सकाळी बरा असतो. इथे आणि मांद्र्याला सर्फिंग शिकवतात. हिवाळ्यात लाटा छोट्या, कमरेएवढ्या, म्हणजे आमच्यासारख्यांना बऱ्या. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नावही काढू नका.

शिकवणारा मुलगा मांद्र्याचा. आधी वाळूवरच बोर्ड ठेवून पालथं पडायचं, हाताने वल्हवायचं, उठायचं, परत. मग पाण्यात. आणि पाण्यात कळतं की उभं राहणं हा नंतरचा प्रश्न आहे, आधी लाट पकडता यायला पाहिजे. बोर्ड स्थिर असेल तर लाट खालून निघून जाते, आपण नुसते वर-खाली होतो. लाट मागून येताना दिसली की जीव तोडून वल्हवायचं, आपला वेग लाटेच्या वेगाच्या जवळ आला, अगदी किंचित कमी, की एका क्षणी लाट बोर्डाला धरते आणि मग हात थांबवले तरी चालतं, ती ढकलत नेते. तो मुलगा मागून ओरडायचा, "मार हात, मार, मार, आतां! उबें राव!" ओवी चक्क उभी राहिली आणि किनाऱ्यापर्यंत आली. मी किती वेळा पडले ते नवऱ्याने मोजलंय, मी नाही.

रोहन किनाऱ्यावर शहाळं पीत बसला होता, पाण्यात आलाच नाही, पण आम्ही बाहेर आलो तसं म्हणाला, झालं की, हेच तर आहे. आणि ही उपमा त्याने स्वतः काढलेली नाही, या विषयातले शास्त्रज्ञच इलेक्ट्रॉन लाटेवर सर्फिंग करतात असं म्हणतात. १९४६ मध्ये लेव्ह लांडाऊ या रशियन शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं होतं की प्लाझ्मातल्या लाटेच्या वेगाच्या जवळपास जे इलेक्ट्रॉन असतात त्यांच्यात आणि लाटेत ऊर्जेची देवाणघेवाण होते. किंचित मागे असलेल्यांना लाट पुढे ढकलते, किंचित पुढे असलेले उलट लाटेला थोडं देऊन बसतात. साधारणपणे मागचे संख्येने जास्त असतात, म्हणून एकूण हिशोबात लाट हरते, इलेक्ट्रॉन जिंकतात. बाकीचे जे खूप हळू आहेत त्यांच्याखालून लाट निघून जाते. म्हणजे माझ्यासारखे.

ही लाट पकडणारी मंडळी किती, तर हजारात एकापेक्षा कमी! आणि म्हणूनच हे सिद्ध करायला इतकी वर्षं लागली. उपग्रह त्या भागातून काही सेकंदांत निघून जातो, त्याला लाट दिसते, पळालेले इलेक्ट्रॉन दिसतात, पण याच लाटेने याच इलेक्ट्रॉनला ढकललं हे पकडायला वेळ मिळत नाही. मग आयोवा युनिव्हर्सिटी, व्हीटन कॉलेज वगैरे मंडळींनी हे जमिनीवर करायचं ठरवलं. लॉस एंजेलिसला युसीएलएमध्ये वीस मीटर लांब नळकांडं आहे, त्यात प्लाझ्मा भरतात, बाहेरून चुंबकीय क्षेत्र. त्यात त्यांनी आल्फवेन लाट सोडली आणि लाटेच्या वेगाने चाललेल्या त्या मूठभर इलेक्ट्रॉनचं मोजमाप केलं, आणि गणित जसं सांगतं त्याच खुणेने त्यांना ऊर्जा मिळाली. जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, जिम श्रोडर, ग्रेग हाउज, क्रेग क्लेट्झिंग ही त्यातली नावं. अवकाशात अशा पकडीतून इलेक्ट्रॉन सेकंदाला २०,००० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो असा हिशोब आहे. रोहनने वाळूवर गुणाकार करून दाखवला, तेवढ्या वेगाला ऊर्जा येते हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या थोडी वर. शनिवारी बाल्कावावर जो आकडा पाहिजे होता तो.

तरी आश्वेच्या लाटेत आणि त्या लाटेत फरक आहे आणि तो मला जास्त आवडला. समुद्राची लाट किनाऱ्याजवळ येताना, पाणी उथळ झालं की, हळू होते. आल्फवेन लाटेचं उलट. तिचा वेग चुंबकीय क्षेत्र जेवढं जोरदार आणि प्लाझ्मा जेवढा विरळ तेवढा जास्त. शेपटीकडून पृथ्वीकडे येताना क्षेत्र वाढत जातं आणि वाटेत एक पट्टा असा लागतो जिथे प्लाझ्मा एकदम विरळ, तिथे लाट प्रचंड वेग घेते, मग खाली आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) दाट झाला की परत मंदावते, काही भाग उलटाही फिरतो. म्हणजे इलेक्ट्रॉन पकडला गेला तर नुसता ढकलला जात नाही, लाटच पळत सुटते आणि तो तिच्याबरोबर.

दुसरं, ही लाट रुंद असेल तर इलेक्ट्रॉनला रेषेच्या दिशेने ढकलणारं विद्युत क्षेत्र तिच्यात जवळजवळ नसतंच. ती आडव्या दिशेने बारीक झाली, किलोमीटरभराच्या मापावर आली, की मगच इलेक्ट्रॉनचं वजन आड यायला लागतं आणि ते क्षेत्र उभं राहतं. म्हणून या लाटांनी पाडलेला ऑरोरा पण बारीक असतो, धावता असतो. मी म्हटलं रोहन, हे तू आजोबांना सांग, म्हणजे त्यांच्या उभ्या रेघा.

जेवायला तिसऱ्या (शिंपल्या), सोलकढी, आणि किंमत बघून तोंड उघडं राहील असा पापलेट. अंग दुखायला लागलं ते संध्याकाळी.

मंगळवार

पणजी. सकाळ फोंताइन्हासमध्ये फोटो काढण्यात गेली, रंगीत घरं छानच आहेत पण तिथे लोक राहतात, त्यांच्या दारात उभं राहून पोज देणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. दुपार मिरामारला.

संध्याकाळी जुंता हाउसच्या गच्चीवर. अठरा जून रोडवरची ही सरकारी जुनाट इमारत, वर गच्चीत खगोलप्रेमींनी चालवलेली वेधशाळा होती, हिवाळ्यात संध्याकाळी लोकांना दुर्बिणीतून दाखवायचे. गुरू लागला होता. दोन पट्टे आणि चारही चंद्र एका रेषेत, ओवी हटायलाच तयार नाही, मागे रांग.

गुरूवरही ऑरोरा असतो, आणि पृथ्वीच्या मानाने राक्षसी. नासाचं जुनो यान २०१६ मध्ये तिथे पोचलं, ध्रुवांवरून जातं, तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की तिथे भडक ऑरोरा म्हणजे पहिली पद्धत, व्होल्टवाली, फक्त मोठ्या आकड्याची. आणि सापडले पण, चार लाख व्होल्टपर्यंत, पृथ्वीच्या दहा ते तीस पट. पण गोची अशी की सगळ्यात झगमगीत ऑरोरा नेमका तिथे नव्हता! तो होता जिथे सगळ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सरमिसळ, वर-खाली दोन्हीकडे जाणारे, म्हणजे लाटांच्या गोंधळासारखं काहीतरी. २०१७ मध्ये हे छापून आलं. पृथ्वीवर सगळ्यात भडक पट्टे बहुधा व्होल्टवाल्या पद्धतीचे आणि गुरूवर नाहीत, एकाच कामाचे दोन मार्ग आणि कुठे कोण पुढे हे ठिकाणावर. रोहन म्हणाला म्हणूनच हा विषय सुटला असं कुणी म्हणत नाही.

माझं आपलं मत, बातम्यांमध्ये २०२१ ला "ऑरोराचं रहस्य अखेर उलगडलं" असे मथळे आले होते ते जरा जास्तच होते. लाट इलेक्ट्रॉनला पळवू शकते हे पक्कं झालं, त्याला आता कुणी नाही म्हणणार नाही. पण ते व्होल्ट कोण उभे ठेवतं, तासन्तास एक पट्टा हलत नाही म्हणजे तिथे वीज सतत पुरवली जातेय, ती कशी, हा प्रश्न आहेच. आणि दोन्ही पद्धती एकाच रात्री, एकाच आकाशात, एकामागून एक येतात, काकांनी बघितलंच की.

त्यावरून आठवलं, रोहनने नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलांडबद्दल पण सांगितलं. तो शंभर वर्षांपूर्वी निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून त्याच्यावर इलेक्ट्रॉन सोडायचा आणि ध्रुवांजवळ उजळलेले पट्टे दाखवायचा, वीज रेषांवरून खाली येते म्हणायचा. मोठ्या मोठ्या लोकांनी मानलं नाही, १९१७ मध्ये वारला, आणि उपग्रहांनी त्या विजेचे प्रवाह साठ-सत्तरच्या दशकात पकडले. नंतर नॉर्वेने त्याला दोनशे क्रोनरच्या नोटेवर छापला. उशीर झाला पण नोट तरी मिळाली.

परत येताना कदंबाची शेवटची बस थोडक्यात मिळाली.

बुधवार

निघायचा दिवस, त्यामुळे सगळा वेळ पिशव्यांमध्ये. मावशीने कोकम, सुकी सुंगटं, नेवऱ्या, आणि एक अख्खा फणसाच्या साठांचा डबा दिला. काका आणि रोहन मात्र सकाळपासून जुंपले होते. काकांचा प्रश्न असा की मला तो पट्टा सुटताना आधी खालून हललेला दिसला की वरून, ते आठवत नाही, पण रेघा लांब होत्या, फार वरपर्यंत गेलेल्या, तर इलेक्ट्रॉन नक्की किती उंचीवर पळवले जातात? रोहनने सांगितलं पुस्तकात काही हजार ते वीस हजार किलोमीटर असं असतं, फास्ट नावाचा नासाचा उपग्रह १९९६ पासून बरीच वर्षं याच भागाच्या खालच्या बाजूला फिरत होता. काका म्हणाले, "आणि त्याच्या वर कोण बघून आलंय?"

गाडी थिवी सोडून पुढे गेल्यावर ग्रुपवर रोहनचा मेसेज आला. जपानचा आरासे उपग्रह, २०१६ च्या डिसेंबरमध्ये सोडलेला, तो लांबट कक्षेत फिरतो, आणि त्याला ३०,००० किलोमीटरच्या वर सुद्धा ऑरोराचे इलेक्ट्रॉन आधीच पळवलेले सापडले, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालंय. म्हणजे पुस्तकातला आकडा वाढवावा लागणार. काकांनी खाली अंगठा टाकला आणि विचारलं, मग तिथे व्होल्ट की लाट? रोहन टाईप करतोय असं बराच वेळ दिसत राहिलं, मग रत्नागिरीचे बोगदे सुरू झाले आणि रेंज गेली.